घुंगरं नसलेला स्पीकर

रिटायर झाल्यावर काही माणसं देवदेव करतात, काही बांधावरच्या भांडणात हौसेनं उतरतात. आमच्या ह्यांनी कराओके काढलं.

महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ह्यांनी सगळी नोकरी ड्रायर सेक्शनला काढली. तिथल्या मशीनच्या धडधडीत शेजारच्या माणसाचा शब्द कळत नाही. त्याचा फायदा घेऊन हे तिथे अख्खी शिफ्ट गात असत. कोणाला ऐकूच जात नाही म्हटल्यावर लाजायचं कशाला? घरी आले की मात्र गप्प. त्यामुळे आपल्या नवऱ्याला गळा आहे हे मला कळलं ते निरोप समारंभात. कोणीतरी हातात माइक दिला आणि हे जे सुटले ते सुटलेच. मी खुर्चीत बसल्या जागी चकित. इतकी वर्षं ज्याला भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलता येतं असं वाटत होतं, तो माणूस डोळे मिटून गात होता आणि चांगलं गात होता.

तेवढ्यात पुतणीचं लग्न ठरलं. माझे थोरले दीर कुडपणला असतात, वर पठारावर. शेती करतात. वडील लवकर गेले तेव्हा ह्यांना पोलादपूरच्या शाळेत ठेवता यावं म्हणून दिरांनी स्वतःची शाळा सोडली आणि नांगर धरला. त्याबद्दल दोघा भावांत कधी एक शब्द झालेला नाही. आमच्या सासरी असलं काही बोलत नाहीत; फार तर आंबे पाठवतात. पण लेकीच्या हळदीचं ऐकलं आणि ह्यांनी फोनवर सांगून टाकलं, "दादा, हळदीला मी गाणार हाय." गाणंही ठरवलं, जुन्या चालीचं, नवरी बैलगाडीतून सासरी निघते ते. मला म्हणाले, "दादाला द्यायला माझ्याकडं दुसरं काय हाय गो? येवढं एक गाणं नीट झालं पायजे." एवढं सरळ बोलणं मी ह्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलंय. म्हणून मीही पदर खोचला.

मी शाळेत क्लार्क आहे, म्हणजे आमच्या घरात कॉम्प्युटर मला येतो. वासरात लंगडी गाय शहाणी. लेक पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरीच राहिला होता, तो पुसून काढला. कराओकेत गाण्याचे शब्द पडद्यावर येतात आणि गायची वेळ झाली की त्यांचा रंग बदलतो, एवढं मी शिकून घेतलं. नुसत्या वाद्यांचा ट्रॅक उतरवून घेतला. आता हवा होता माइक आणि स्पीकर. गेलो बाजारपेठेत.

दुकानदार भला माणूस. त्यानं आधी विचारलं, "काका, हॉल केवढा?" हे म्हणाले, "डोंगर हाय." त्यानं मुकाट्यानं एक मोठा स्पीकर काढला, ज्याच्या पोटात निळेतांबडे दिवे फिरत होते. ह्यांना दिवे आवडले. मी म्हटलं, "दिव्यांनी गायचंय का?" पण पुरुषांना एकदा दिवा आवडला की आवडला. घरी आणून तो ब्लूटूथवर जोडला तर पडद्यावरचा शब्द आधी रंगायचा आणि संगीत मागून लंगडत यायचं. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ब्लूटूथला उशीर होतोच, वायर लावा." वायर लावली, शब्द आणि सूर एका वेळी आले. मला वाटलं, झालं, सुटलो.

कसलं सुटतोय! ह्या गाण्यात सुरुवातीला ढोलकी आणि पेटी जोरात वाजते, मग दोन्ही एकदम थांबतात. मागे नुसत्या बैलांच्या घुंगुरमाळा वाजत राहतात, छुम छुम छुम छुम, जणू गाडी दारात येऊन उभी राहिली. ती घुंगरं संपली की गायचं. ऐकायला इतकं गोड! पण ढोलकी थांबली की हे डोळे उघडायचे आणि ओरडायचे, "बंद पडला! गो, बंद पडला!"

"बंद नाही पडलाय, घुंगरं वाजतायत."

"कुठं हायत घुंगरं?"

"अहो ही काय!"

"नाय. स्पीकर मधेच बसतोय. सांगतो ना मी."

तोवर गायची जागा निघून जायची आणि हे भलत्याच ओळीत घुसायचे. मी म्हटलं, पडद्याकडे बघून गा, रंग बदलला की सुरू करा. तर म्हणे, "वाचून गातात ती काय गाणी? ते वर्तमानपत्र झालं." डोळे मिटल्याशिवाय ह्यांना सूरच लागत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार होते, पण गळा खरोखर चांगला होता, मग जीभ चावली.

स्पीकर दुकानात परत गेला. दुकानदारानं लावून बघितला, घुंगरं छान वाजली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बघा, बसला!" दुकानदारानं भांडण नको म्हणून दुसरा दिला. दुसऱ्यातही घुंगरं नव्हती. म्हणजे माझ्यासाठी होती. मग हे म्हणाले कॉम्प्युटरच जुना आहे, आवाज गाळतो. म्हणून त्याला बाहेरून लावायचं साउंड कार्ड आणलं. मग माइकच्या वायरीवर संशय आला, ती बदलली. मग आवाजाचा मिक्सर आणला, त्याला इतकी बटणं की मी शाळेच्या परीक्षेच्या कामालाही एवढी घाबरले नव्हते. बारीक आवाज वाढवायचं बटण मी पूर्ण फिरवलं तर शेजारीण दारात येऊन म्हणाली, "तुमच्याकडे काही फुटलं का?" हे शांतपणे म्हणाले, "आता ढोलकी चांगली येते. घुंगरं तेवढी नायत."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मला जे ऐकू येतं ते खोटं का? शेजारणीला येतं ते खोटं का? ह्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि माणसं गोळा केली. कोण? तर ह्यांचे दोन जिवलग मित्र, दोघेही ड्रायर सेक्शनचेच. एकाच मशीनभोवती तिघांचे केस पिकलेले. हे तिघं आमच्या ओटीवर चहाला बसले की सावित्री नदीच्या पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलावं तसे बोलतात. माझाही आवाज लग्नानंतर वाढला, असं माझी आई म्हणायची.

तिघं दुकानात गेले, मीही गेले. दुकानदारानं गाणं लावलं. ढोलकी झाली, पेटी झाली, थांबली. घुंगरं सुरू झाली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बसला," पहिला मित्र म्हणाला.

"साफ बसला," दुसरा म्हणाला. "वैनी, तुमी म्हणता ती घुंगरं कुठं हायत?"

"अहो वाजतायत ना धडधडीत!"

दुकानदारानं शेजारच्या शिंप्याला बोलावलं. शिंपी म्हणाला, "आहेत की घुंगरं." मित्रांनी त्याच्याकडे अशा दयेनं पाहिलं की बिचारा परत शिवणाला पळाला. पहिला मित्र दुकानदाराला समजावू लागला, "आवो, आमी जल्मभर मशीनी ऐकल्या. बेरिंग कुठं घासतंय ते आमी नुसतं उभं राहून सांगायचो. आमच्या कानांना फसवता काय?" तीन अनुभवी माणसं एका आवाजात बोलतायत म्हटल्यावर दुकानदाराचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला. तो स्पीकरला कान लावून बसला आणि मला हळूच म्हणाला, "ताई, खरंच आहेत ना?" मी म्हटलं, "आहेत हो बाबा." शेवटी त्यानं दुकानातला सगळ्यात मोठा स्पीकर देऊन हात जोडले. हे जिंकल्यासारखे घरी आले, आणि त्यातही घुंगरं नव्हतीच. मला वाटलं तिघांचं गुळपीठ आहे. बाईचं खरं निघू द्यायचं नाही एवढाच ह्यांचा बेत आहे. त्या दिवशी मी रागानं आमटीत मिरची जरा जास्तच टाकली.

हळदीचा दिवस आला. स्पीकर गोधडीत गुंडाळला, कॉम्प्युटर मांडीवर घेतला आणि भाड्याच्या गाडीनं घाट चढलो. मित्रही बरोबर. वाटेत ह्यांचे नुसते ओठ हलत होते. मला दया आली. गाणं पाठ होतं, सूर बसला होता, फक्त सुरुवात कुठे करायची ते ह्यांना सापडत नव्हतं. आणि चुकले असते तर अख्ख्या पठारासमोर, भावासमोर. त्यांच्या दृष्टीनं तो प्रसंग आयुष्यात एकदाच येणार होता.

कुडपणला पोचलो तर घरात कासारीण बसलेली. नवरीला चुडा भरून झाला होता आणि घरातल्या सगळ्या बायकांना हिरव्या बांगड्या भरणं चालू होतं. माझेही दोन्ही हात मनगटापासून वर भरले. जाऊबाई हसून म्हणाल्या, "गो, आता तू चोरी कराया गेलीस तर कुत्रंबी उठंल." खरंच, नुसतं केस मागे सारायला हात उचलला तरी खणखण व्हायची.

उन्हं उतरली. मांडवात टेबल मांडलं, मी वायरी जोडायला वाकले. हे शेजारी उभे, कपाळावर घाम. वायर त्यांच्या बाजूनं ओढायची होती म्हणून माझे दोन्ही हात त्यांच्या तोंडासमोरून जात-येत होते. ते बांगड्यांकडे बघत म्हणाले, "कासारणीनं तुला प्लास्टिकच्या भरल्या काय?"

"का?"

"वाजत नायत."

मला वाटलं थट्टा करतायत. मी हात त्यांच्या कानाजवळ नेला आणि जोरात हलवला. मांडवाच्या त्या टोकाला बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. ह्यांनी वळवली नाही. ते नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले, मग बोटानं एक बांगडी चाचपली आणि म्हणाले, "काचेच्या हायत."

ड्रायरच्या धडधडीनं ह्या तिघांच्या कानांतले बारीक आवाजच नेले होते, हे मला तेव्हा कळलं. रागवायचं होतं ते मनातच राहिलं, आणि रडायला वेळ नव्हता, कारण तिकडे कोणीतरी ह्यांचं नाव पुकारलं होतं. मी ह्यांचा दंड धरला आणि कानात सांगितलं, म्हणजे कानात ओरडले, "घुंगरं आहेत. मला ऐकू येतात, तुम्हाला येत नाहीत. तुमच्या ह्या दोघा मित्रांनाही येत नाहीत. आत्ता भांडू नका."

मला वाटलं हे मित्रांना साक्षीला बोलावणार. पण त्यांनी मित्रांकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, पुन्हा माझ्या हाताकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग मी सुरू कुठं करू?"

"मी मागे उभी राहते. पाठीवर थाप मारली की सुरू करा."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय मांडवाच्या मागून मारू?"

तर असा आमचा कार्यक्रम सुरू झाला. नवरा माइक धरून उभा आणि बायको थोरल्या दिरांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी. बायकांत कुजबुज झाली. जाऊबाईंनी काळजीनं विचारलंच, "भावजींना चक्कर येते काय गो?" मी मानेनंच नाही म्हटलं. ढोलकी वाजली, पेटी वाजली, दोन्ही थांबल्या. घुंगरं सुरू झाली. हाताखाली ह्यांची पाठ फळीसारखी ताठ झालेली मला कळत होती. ह्यांच्यासाठी सगळं बंद पडलेलं होतं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुढच्या रांगेतून दोघे मित्र मात्र ताडकन उठले आणि एकदम ओरडले, "बंद पडला रे!" सगळा मांडव हसला. ह्यांना तो हशाही ऐकू आला असणार. तरी हलले नाहीत.

घुंगरं संपली. मी थाप मारली.

काय गायले! मी बायको आहे म्हणून सांगत नाही; नवरी रडली, तिला हळद लावणाऱ्या बायका हात तसेच धरून बसल्या. प्रत्येक कडव्याआधी ती घुंगरं होती आणि प्रत्येक वेळी मी थाप मारली. गाणं संपल्यावर दीर उठले, हळदीच्या ताटात हात बुडवला आणि धाकट्या भावाचं अख्खं तोंड पिवळं करून टाकलं, लहानपणी शिमग्याला फासत असतील तसं. मग तिथेच उभे राहून उपरण्यानं स्वतःचं नाक पुसत राहिले.

जेवणं चालू असताना आम्ही दोघं मांडवाच्या कडेला बसलो होतो. ह्यांच्या तोंडावर हळद वाळून भेगा पडल्या होत्या. ते म्हणाले, "कधीपासनं असंल गो?"

"मला काय ठाऊक!" मी म्हटलं, आणि मला एकदम हुंदका आला. "मी आपली समजत होते तुम्ही मुद्दाम करता. कुकरच्या शिट्ट्या मोजा म्हटलं की मोजायच्या नाहीत. मी मागून काही सांगितलं की ढिम्म हलायचं नाही. जन्मभर त्यावरून भांडले मी तुमच्याशी."

ह्यांनी पत्रावळ खाली ठेवली. माझा हिरव्या बांगड्यांचा हात हातात घेतला.

"रडू नको," ते म्हणाले. "त्यातलं अर्धं मुद्दामच होतं."