फवारणी आणि माझी टॅरंटुला

डासांच्या औषधाचे फवारणीवाले येणार हे आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून कळलं होतं. मी ठरवलं, सकाळी माझ्या टॅरंटुलाचा, म्हणजे पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याचा, डबा सायकलवर बांधायचा आणि कामावर नेऊन ठेवायचा. पुढचं पुढे. सकाळी पाहतो तर ती उताणी पडलेली, आठही पाय वर.

मेली नव्हती. कात टाकायच्या वेळी टॅरंटुला अशीच पाठीवर होते आणि जुन्या कातडीतून एकेक पाय मोज्यातून काढावा तसा ओढून काढते. तेवढा वेळ तिला हलवायचं नसतं. नवं अंग इतकं मऊ असतं की मुंग्यासुद्धा तिला खाऊन टाकतील. आणि फवारणीचं औषध तर भिंतीवर महिनोन्‌महिने राहतं. त्यावर बसलेला डास मरतो, मग कोळी कसा वाचणार?

मी सिरोंच्याकडचा. नववीत शाळा सुटली, आणि भटकत भटकत भद्रावतीजवळच्या या गावात आलो, कोळशाच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायला. घरी आमची तेलुगू. शाळेतलं मराठी पुस्तकापुरतं, बोलायचं मराठी इथंच शिकलो. म्हणून आजही महत्त्वाचं काही बोलायचं असलं की वाक्य आधी मनात घोकून घेतो. तशी भीती माझ्या अंगातच आहे. आईचा फोन वाजला तरी वाटतं, काही वाईटच असणार.

असल्या माणसानं कोळी कसा पाळला? चंद्रपुरात मासे-पक्ष्यांच्या दुकानात काम करणाऱ्या एका मित्रानं त्याच्याकडच्या मादीचं पिल्लू दिलं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. फोनवर आम्हा कोळी पाळणाऱ्यांचा एक गट आहे. सुरुवातीला बोटावर मोजण्याइतके होतो, आता बल्लारपूर, वडसा, गडचिरोली, कुठून कुठून लोक येतात. कुणी वेल्डर, कुणी कॉलेजातला, एक बाई अंगणवाडीत शिकवतात. नियम एकच कडक: जंगलातला कोळी धरून आणायचा नाही, पाळलेल्याचंच पिल्लू घ्यायचं. माझी ती आता तळहाताएवढी झाली होती. दिवसभर काथ्याच्या भुशात बसून राहायची, कधीमधी एखादा रातकिडा खायची. पण डब्याला धक्का लागला तर पळायची नाही. पुढचे पाय उचलून तिथंच उभी राहायची. मला ते फार आवडायचं. मला ते कधी जमलं नव्हतं.

घरमालकीण बाईंना मात्र ती पहिल्या दिवसापासून खपली नाही. "पाळाचंच होतं तं कोंबडी पाळाची होती, अंडे तं देल्ले असते," म्हणाल्या. मग बोट रोखून, "तुह्या खोलीतच ठेव. माह्या उंबरठ्याच्या आत आणली तं थे बी बाहेर अन् तू बी बाहेर."

मी मान हलवली. त्या बाईंना मी उलट काय बोलणार? इथं आलो त्या पावसाळ्यात मला हिवताप झाला होता. ओळख ना पाळख, तरी यांनी मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, तांदळाची पेज भरवली, आणि आईला फोन करून मोडक्यातोडक्या शब्दांत 'पोरगा बरा आहे' हे समजावलं.

त्या सकाळी गल्लीत गाद्या, पिंपं, तांदळाची पोती, खाटेवर टीव्ही असा सगळा संसार बाहेर आला होता. बाई माझ्या दारात आल्या.

"काऊन रे, सामान नाई काढलं अजून?"

"बाई, ती कात टाकून राहिली. आजच्या दिवस माझी खोली सोडायला सांगा ना त्यांना."

"सोडाले? मागचा हिवताप विसरला का? चार गोधड्या टाकल्या तरी खाट हालून राह्यली होती तुही. अन् या भिंतीच्या पलीकडं माही नात झोपते."

 खोली फवारायलाच हवी होती, आणि टॅरंटुलाही मरायला नको होती. मी म्हणालो, "फवारू द्या. सगळी खोली फवारू द्या. मी तिला बाहेर काढतो. फक्त मला घाई करू नका."

डब्याखाली हळूच पाट सरकवला आणि दोन्ही हातांनी उचलला, काठोकाठ भरलेली परात उचलावी तसा. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचे भाऊ गादीवर बसून पाहत होते.

"का बे, वरात कोणाची निघाली?"

"वरात कायची, मयत दिसते. पाय वर हायेत न!" पलीकडून कुणीतरी बोललं.

"दात नको काढू तू," बाई भाऊंवर कडाडल्या. "गादी सरकव आधी. पोट्ट्याचा पाय अडकला तं तुलेच भरून द्या लागन." आणि त्या माझ्यापुढे चालू लागल्या, एकेकाचं पिंप बाजूला करत. मी खाली पाहत नव्हतो. पाहत होतो फक्त डब्यातल्या तिच्या पायांकडे.

मागच्या आवारात जांभळाखाली आलो तर बुंध्यावर मुंग्यांची रांग. बाई आत गेल्या आणि पाण्यानं भरलेली परात घेऊन आल्या. मधोमध वीट ठेवली. दुधाचं पातेलं त्या असंच ठेवतात. विटेवर मी डबा टेकवला आणि वर ताडपत्रीचा तुकडा बांधून सावली केली.

घरातून पंपाचा फुसफुस आवाज येत होता. तिचे सात पाय सुटले. आठवा अडकला.

"ओढून दे न," बाई म्हणाल्या. केव्हा येऊन मागं उकिडव्या बसल्या होत्या कळलं नाही.

"ओढला तर तुटतो. तिचा तिनंच काढायचा असतो."

 ती थांबायची, पुन्हा जोर लावायची. शेवटी पाय निघाला, पांढुरका, ओला. बाईंनी श्वास सोडला. "बाळंतपण पाह्यल्यासारखं झालं बाप्पा."

आता तिला ठेवायचं कुठं? माझ्या खोलीच्या भिंती औषधानं पांढऱ्या झाल्या होत्या. सायकलवर न्यावी एवढी ती घट्ट झाली नव्हती. उघड्यावर मांजरं. सगळ्या घरात एकच जागा न फवारलेली होती, कारण या गावात कुणीच फवारणीवाल्यांना तिथं जाऊ देत नाही.

वाक्य मी मनात घोकलं. मग पुन्हा घोकलं. मग बोललो.

"बाई, देवखोलीत ठेवू देता का तिला?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता खोलीही गेली. पण मी नजर खाली घेतली नाही.

"खालच्या फळीवर," शेवटी म्हणाल्या. "देवाच्या बरोबरीनं नाई. अन् थे रातकिडे देवापुढं नाई चाराचे."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण अजून एक राहिलं होतं. "अन् बाई, उदबत्ती... धूर तिला सोसत नाही."

"आता देवालेबी उपाशी ठेवू का तुह्यासाठी?" म्हणत त्या तरातरा आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना पाहिलं, तर उदबत्ती अंगणात तुळशीच्या मातीत खोचलेली होती, आणि देवखोलीचं दार ओढून घेतलेलं होतं.