दिवाळसणाची लाल मोटार

निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची लाल टू-सीटर विकायला निघाली आहे, ही बातमी माझ्या वडिलांच्या एका अशिलानं आणली. तो कंग्राळीचा, गुरांचा हेडी. बैल-म्हशींचे सौदे जमवण्यात त्याची हयात गेलेली.

"आक्का, तुमचीच ती गाडी," तो म्हणाला. "सावकार सांगत सुटलाय, नव्यासारखी हाय, चाललेलीच न्हाय म्हणून."

मी नुकतीच शाळेतून शिकवून आले होते. एक चप्पल काढली, दुसरी पायात तशीच राहिली आणि मला हसू फुटलं. बेळगावात माहेरी परत आल्यापासून इतकं मनापासून मी हसले नव्हते. तो व्यापारी माझा नवरा होता.

लग्नात तो पंगतीतच रुसला होता. जावयानं रुसायचं आणि सासऱ्यानं अंगठी नाहीतर घड्याळ देऊन समजूत काढायची, ही आपल्याकडची रीतच. पण याला घड्याळ नको होतं. कॅम्पातला एक गोरा साहेब उघडी, लाल, दोघांपुरती मोटार उडवायचा. तसलीच हवी म्हणून हा जिलबीला हात लावेना. माझे वडील वकील, पण भिडस्त. भर पंगतीत हो म्हणून बसले. दिवाळसणाला मुंबईहून रेल्वेनं मोटार आली. वडिलांनी कौतुकानं विचारलं, "जावईबापू, चालवता येते ना?"

"येते की," हा म्हणाला.

येत नव्हती. मला येत होती. वडिलांनी त्यांच्या जुन्या खटाऱ्यावर मला कॅम्पामागच्या माळावर शिकवलं होतं. भाऊबीज झाली, आम्ही निघालो, आणि गल्ली ओलांडताच यानं मनगट दुखत असल्याचं सांगितलं. मी चाकामागं बसले. संकेश्वर मागं टाकलं, तवंदीचा घाट उतरले. निपाणीच्या जकात नाक्याशी तो म्हणाला, "आता हिकडं ये. गावात मी चालवतो."

जागा बदलल्या. गाडीनं दोन हिसके दिले आणि ती बंद पडली. पुन्हा तेच. नाक्यावर तंबाखूच्या गाड्यांची रांग लागली होती. गाडीवाले खाली उतरून बघायला लागले. "सावकार, बैल जोडू काय?" कुणीतरी ओरडलं आणि सगळी रांग हसली. शेवटी मीच पुन्हा चाकामागं बसले आणि नवऱ्याला शेजारी घेऊन भर पेठेतून त्याच्या दारात गाडी उभी केली. नवी नवरी नवऱ्याला घरी घेऊन आली, हे गावानं बघितलं. माझा गुन्हा एवढाच.

त्यानं त्याच दिवशी गाडी वखारीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. थोड्याच दिवसांत मला माहेरी धाडलं. नुसतं धाडलं असतं तर मी सोसलं असतं. पण बायको का टाकली असं लोक विचारणार, आणि नाक्यावर फजिती झाली म्हणून, असं काही सांगता येत नाही. मग यानं सांगायला सुरुवात केली की बाई रात्री वखारीतून मोटार काढायची, संकेश्वरापर्यंत जायची, शेजारी कोण बसलेलं असायचं ते देवाला ठाऊक, आणि उजाडायच्या आत आणून ठेवायची. रात्रीची गोष्ट, खरी-खोटी कोण बघणार? त्यानं दुसरं लग्न केलं. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा गाडी का काढत नाही याचं त्याला आयतंच निमित्त सापडलं.

माझ्या वाट्याचं मी गिळलं असतं. पण माझ्या पाठची बहीण होती. तिला बघायला लोक यायचे, पोहे खायचे, मुलगी आवडली म्हणायचे, आणि आठवड्याभरात निरोप यायचा: थोरलीचं काय ते कानावर आलं. बहीण मला कधी एका शब्दानं बोलली नाही. तेच मला जाळायचं. त्या वर्षी गडहिंग्लजचं एक स्थळ नाही म्हणत नव्हतं, हो पण म्हणत नव्हतं. मुलाचे चुलते निपाणीच्या पेठेत अडत करायचे आणि चौकशी त्यांच्याकडे होती. चौकशीत काय कळणार हे मला पाठ होतं.

आणि आता तोच माणूस गावभर सांगत होता की गाडी चाललेलीच नाही. लढाई संपली होती, त्याला चार दारांची मोठी गाडी आणि पगारी ड्रायव्हर हवा होता. विकायच्या घाईत जीभ कुठं अडकते याचं त्याला भान नव्हतं.

"तुमच्या बाजारात सौदा कसा करता?" मी हेडीला विचारलं.

"पाच माणसांम्होरं मालकानं जनावराची खोड सांगायची. हातावर बेलभंडारा घेऊन, देवाच्या शपथेवर. त्याबिगर आमच्यात सौदा धरत न्हाईत."

"मग मोटारीचाही तसाच करा. आणि त्या पाचांत गडहिंग्लजवाल्यांचे चुलते हवेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आक्का, तुमी बाजारात असतासा तर आमी उपाशी मेलो असतो."

वडिलांना मी सगळं सांगितलं. ते उठले आणि गाडीच्या पैशांसाठी त्यांनी कपाट उघडलं.

ठरल्या दिवशी हेडी पुढं गेला. गाडी सुरू करायला एक मिस्त्री बरोबर होता, पेट्रोलचा डबा होता. मी मागच्या भाड्याच्या मोटारीत पदर कपाळापर्यंत ओढून बसले. गिऱ्हाइकाच्या घरची बाई म्हणून माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. वखारीच्या दाराशी चुलत्यांसह पाच जण जमले होते, आमची मोटार तिथंच थांबली. दार उघडलं. तंबाखूच्या धुळीनं माखलेली गाडी बघून मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला फक्त नवऱ्याचा आवाज नीट ऐकायचा होता.

"ह्ये काय जनावर हाय व्हय, भंडारा उचलायला?" हेडीनं भंडारा पुढं केला तसा तो हसून म्हणाला.

"दावं न्हाय एवढाच फरक, सावकार," हेडी म्हणाला. पाचही जण शेतकऱ्याच्या पोटचे. त्यांनी माना डोलावल्या. भंडाऱ्याला नाही म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे त्या मुलखात लहान पोरालाही कळतं. त्यानं तळहात पुढं केला. बेलाचं पान आणि भंडारा त्यावर ठेवला गेला.

"किती चाललीय?" हेडीनं विचारलं.

"मीटर बघा की. बेळगावास्नं आणली तेवढीच. पन्नास मैलसुदीक न्हाईत."

मिस्त्रीनं फडक्यानं मीटरची काच पुसली. चुलते स्वतः वाकून बघून आले आणि म्हणाले, खरं आहे.

"मधी कुणी काढली व्हती? बायकामाणसांनी, पोराबाळांनी? रात्री-अपरात्री?"

"काढंल कोण? आणली त्या दिवसापास्नं किल्ली माझ्या कंबरंला हाय. ह्या दारातनं ती एकदाबी भाईर पडली न्हाय." आणि भंडाऱ्याचा हात त्यानं कपाळाला लावला.

मी उतरले. पदर मागं सारला. वखारीत शिरले.

"मग मी संकेश्वरला कशातून जात होते?" मी विचारलं.

कपाळाला पिवळा भंडारा तसाच, तोंड उघडं. तो चेहरा मी आजही मनात आला की काढून बघते, आणि मला बरं वाटतं. खोटं कशाला सांगू? चुलत्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "बेलभंडारा उचललाय, सावकार," ते एवढंच म्हणाले. बाकीचे चौघे जमिनीकडे बघत होते. त्यातल्या दोघांनी ती गोष्ट चवीनं पुढं सांगितली होती, हे मला माहीत होतं.

गलका ऐकून सासूबाई आल्या. त्यांना काय झालं ते अर्धवटच कळलं असावं. घाईनं आत जाऊन हळदीकुंकवाची कुयरी घेऊन आल्या. "असं तसंच जाऊ ने गं पोरी. अजून ह्या घरची हाईस." हात माझ्या कपाळाकडे आला. मी मागं सरले.

"गाडीला लावा," मी म्हटलं. "नव्यासारखी ठेवलीत म्हणून."

त्यांनी खरंच लावलं, बॉनेटवर. त्यांच्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही फारसं वाटत नाही. ती रात्रीची गोष्ट खोटी आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

गाडी सुरू होईना. हँडल मारून मारून मिस्त्रीचा खांदा भरून आला. बसून राहिलेलं यंत्र, ते हट्ट करणारच. शेवटी धक्का द्यायचा आणि उताराला वेग आला की क्लच सोडून इंजिन चालू करायचं, असं ठरलं. मी चाकामागं बसले. पाचही जण मागं गेले. तो बाजूला उभाच.

"सावकार," हेडी अगदी अदबीनं म्हणाला, "जनावर उंबऱ्याभाईर काढून द्यायचं मालकानंच."

पांढरंशुभ्र धोतर नेसलेला माझा नवरा पुढं आला आणि माझ्या शेजारच्या दाराला त्यानं खांदा लावला. रस्त्यावर बघे जमले होते. विड्या वळणाऱ्या बाया हातातलं काम टाकून दारात आल्या होत्या. गाडी हलली, वखारीबाहेर आली, उताराला लागली. मागून ढकलता ढकलता चुलते धापा टाकत ओरडले, "वकीलसायबास्नी सांगा, बेस्तरवारी साखरपुड्याचं बोलाय येतो!"

तो माझ्या कानाशी धावत होता. दम लागला होता, भंडारा घामाबरोबर गालावर ओघळला होता. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, "झालं न्हवं आता? झालं समाधान?"

मी त्याच्याकडे नीट बघितलं.

"न्हाय," म्हटलं, आणि क्लच सोडला.