गाऱ्हाण्यासाठी तीन दाबा

आमच्या लवूमामाला आवाज कमी करायचं बटण देवाने दिलंच नाही. विक्रोळीच्या कारखान्यात होता तेव्हा तो बोलायला लागला की मशीनचं ऐकू यायचं नाही, असं त्याचे मित्र सांगतात. थाप असेल. पण मुलुंडला आमच्याकडे तो आला की वरच्या मजल्यावरच्या पद्मजाकाकू टीव्ही बंद करतात, कारण त्यांना मालिकेपेक्षा मामाच जास्त स्पष्ट ऐकू येतो.

या आवाजाचा एक मोठा उपयोग आहे. मामा गाऱ्हाणं घालतो. बाकीच्या महाराष्ट्रात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आम्हा मालवणी लोकांत गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे पानाचा विडा आणि नारळ ठेवून मोठ्याने घातलेलं साकडं. एकाने मागत जायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लग्न, बारसं, नवी स्कूटर, मामाशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. माझ्या दहावीच्या निकालाआधीही त्याने मला पास कर म्हणून गाऱ्हाणं घातलं होतं. मी पास झालो. टक्क्यांचं मागायला मात्र तो विसरला.

गाऱ्हाण्याचे दोन नियम. मधे कोणी बोलायचं नाही आणि अर्धं सोडायचं नाही. अर्धं सोडलं तर देवाने काय ऐकलं आणि काय नाही, याचा भरवसा उरत नाही.

निवृत्त झाल्यावर मामा आणि सुगंधामामी मार्व्याच्या खाडीपलीकडे मनोरीला गेले. तिथे वर्देसाहेबांचा एक बंगला आहे, त्याची राखण करायची आणि मागच्या दोन खोल्यांत राहायचं. मामीला माड, विहीर, ताजी मासळी सगळं मिळालं. फक्त इंटरनेट मिळालं नाही. वायरवाले खाडी ओलांडायला तयार नाहीत आणि मोबाइलचा टॉवर माडांच्या पलीकडे कुठेतरी रुसून बसलेला. साधा फोन तेवढा खिडकीच्या गजाला टेकून उभं राहिलं की लागायचा.

मामाची मुलगी मानसी आयर्लंडला नोकरी करते. आईबापाचं तोंड दिसत नाही म्हणून तिने तिकडूनच, स्वतःच्या नावावर, उपग्रहावरून येणारं इंटरनेट घेऊन दिलं. कंपनीचं नाव नभजोड. सुयोग नावाचा माणूस मार्व्याहून बोटीने एक चपटी पांढरी छत्री घेऊन आला, पत्र्यावर बसवून गेला आणि 'आता टेन्शन नाय मामा, डायरेक्ट आकाशातून येणार,' असं म्हणाला.

आकाशातून पाऊससुद्धा वेळेवर येत नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

ढग आला की नेट जायचं. माडाचं झावळ हललं की जायचं. काहीच झालं नाही तर 'देखभालीसाठी' जायचं. मानसीचं तोंड दिसायचं, पण अर्धं उघडं, अर्धं मिटलेलं, आणि तिचा आवाज ती हसून झाल्यावर यायचा. मी कंपनीला फोन केला की पलीकडची बाई गोड आवाजात विचारायची, "सर, आकाश मोकळं आहे का?" मला त्या प्रश्नाचा इतका राग यायचा की काय सांगू! एकदा कंपनीच्या ॲपवर 'अडथळा आढळला' असं आलं. मी शिडी लावून पत्र्यावर चढलो, तर छत्रीवर मामीने कोकमाची सोलां वाळत घातलेली.

"गरम ऱ्हवता रे ती," मामी खालून म्हणाली. "कशाक तरी उपेगाक येवंदे!"

अशात मानसी आणि तिचा नवरा नितेश यांनी तिकडे घर घेतलं. गृहप्रवेशाला मामाला जाता येणार नव्हतं, गुडघ्यांनी त्याला मार्व्यापर्यंत जायलाही मुश्किलीने परवानगी दिलेली. पण मानसीने ठणकावून सांगितलं, "बाबा, तू गाऱ्हाणं घातल्याशिवाय मी उंबरठा ओलांडणार नाही." मामाने त्या दिवसापासून कोमट पाणी प्यायला सुरुवात केली. गुळण्या वेगळ्या.

ठरलेल्या रविवारी मी मुलुंडहून मुद्दाम गेलो. तिकडची सकाळ, आपली दुपार. सोलां आधीच उतरवून ठेवलेली. देवापुढे समई, नारळ, विडा. मामा धुतलेल्या सदऱ्यात हात जोडून उभा. पडद्यावर मानसी कलश घेऊन नव्या घराच्या दारात, बाजूला नितेश, मागे तिच्या ऑफिसचे चारदोन लोक आणि एक गोरी शेजारीण.

मामाने सुरुवात केली. "बा देवा, बारा-पाचाच्या म्हाराजा! माझा चेडू मानसी आणि जावय नितेश परमुलखात नव्या घराचो उंबरो वलांडतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि मामी.

"...य म्हाराजा," थोड्या वेळाने आयर्लंड.

"तेंची चूल कधी इजान देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जी काय इडापिडा, वाकडी नजर आसात, ती ह्या घरात येव देव नको म्हाराजा!"

आमचं 'व्हय म्हाराजा' झालं. आयर्लंडचं आलंच नाही. पडद्यावर मानसी डोळे विस्फारून थिजलेली आणि तिच्या कपाळावर गोल फिरत होतं. मग गोलही गेलं. मी बाहेर जाऊन वर पाहिलं. आकाश इतकं मोकळं होतं की संताप यावा.

खिडकीच्या गजापाशी माझ्या फोनवर मानसीचा मेसेज कसाबसा येऊन पडला. 'बाबा इडापिडा घरात येव दे एवढंच म्हणाला आणि बंद झालं. पुढे काय? आम्ही बाहेरच आहोत. इथे पाऊस पडतोय.'

मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि वाचता वाचता जीभ चावली. मामाचा चेहरा उतरला. बापाने स्वतःच्या तोंडाने लेकीच्या घरात इडापिडा बोलावली होती, निदान पोचलं होतं तेवढंच.

"मी कळवतो, आत जा म्हणून," मी म्हणालो.

"गाऱ्हाणा काय लिवन घालतत?" मामा ओरडला. "पुरा आयकल्याशिवाय पाय नाय ठेवूचो, सांग तेका!"

मी व्हॉइस मेसेज पाठवायला गेलो, तो जागचा हलेना. परदेशी फोन माझ्या मोबाइलवरून लागत नाही. मोबाइलच्या नेटसाठी बोटीने मार्व्याला जावं, तर पेटती समई आणि मांडलेला विडा सोडून मामा निघणार नाही. शेवटी मी चिडून कंपनीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन गजाला टेकवून ठेवला.

"नभजोडमध्ये आपले स्वागत आहे," यंत्रातली बाई म्हणाली. "गाऱ्हाणे नोंदवण्यासाठी तीन दाबा."

मामाने चमकून पाहिलं. "बघलंस? लाइन गेली तर गाऱ्हाण्याची येगळी सोय ठेवलेली आसा!"

"मामा, ते तक्रारीचं..." म्हणेपर्यंत त्याने तीन दाबलं होतं.

"बीप वाजल्यानंतर आपले गाऱ्हाणे स्पष्ट आवाजात सांगा."

स्पष्ट आवाजात! हे लवूमामाला सांगायचं? बीप वाजली. मामाने देवाकडे तोंड केलं, हात जोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी तोंड उघडलं, तर मामीने माझ्या दंडाला चिमटा काढला. "गप रव! गाऱ्हाण्यात मदी बोलू नये." मग काय, म्हणालो 'व्हय म्हाराजा'.

उंबरा झाला, चूल झाली, दारी आलेल्याला अन्न झालं. 'येव देव नको' तर मामाने दोनदा म्हटलं. मग शेवटची मागणी आली, जी मी जन्मापासून ऐकत आलोय, इडापिडा सात समुद्रापलीकडे धाडून दे.

"ती सगळी इडापिडा सात समुद्राच्या..." आणि मामा थांबला. गाऱ्हाण्यात तो कधीच अडखळत नाही. मामीने डोळ्याला पदर लावला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सात समुद्रापलीकडे आता मानसी राहते.

मामाने खिडकीतून वर, पत्र्याकडे पाहिलं.

"सात समुद्रापलीकडे नको म्हाराजा, थय माझा चेडू आसा! ती इडापिडा ह्या कंपनीच्या छत्रीत अडकवन ठेव! थयसून कायएक भायर पडना नाय, ह्या आमी सगळ्यांनी बघलेला आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असं मनापासून मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

"धन्यवाद," यंत्रातली बाई म्हणाली. "आपले गाऱ्हाणे पोचले आहे."

"पोचला," मामा म्हणाला आणि खाली बसला.

मी हसावं की रडावं या विचारात असतानाच मानसीचा मेसेज आला. कनेक्शन तिच्या नावावर, त्यामुळे कंपनीने नोंदवलेलं गाऱ्हाणं ताबडतोब तिच्याकडे पाठवलं होतं, ऐकून खात्री करा म्हणून. तिने ते दारातच मोठ्याने लावलं. सगळ्यांनी पावसात उभं राहून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. गोऱ्या शेजारणीने तर शेवटी टाळ्या वाजवल्या. मग मानसी उजवा पाय टाकून आत गेली. त्या कंपनीने एवढं एकच काम चोख केलं.

पुढच्या आठवड्यात गाऱ्हाण्याचं निवारण करायला सुयोग नवी छत्री घेऊन हजर. जुनी परत नेणं नियमाने भाग होतं. मामा शिडीच्या पायथ्याशी आडवा उभा राहिला.

"हात लावू नको तिका. आत काय आसा, तुका म्हायत नाय."

सुयोगने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. तो नवी छत्री घेऊन बोटीने परत गेला.

आता दर रविवारी मामी त्या छत्रीवर सोलां पसरते आणि मग दोघं बोटीने मार्व्याला जातात. गुडघे कुरकुरतात, मामा त्याहून मोठ्याने कुरकुरतो. धक्क्याच्या कठड्याला टेकून ते मानसीला व्हिडिओ लावतात आणि बोटीची वाट बघणारी सगळी माणसं आयर्लंडची खबरबात ऐकतात. परवा मीही होतो.

"बाबा, एवढा त्रास कशाला?" मानसी म्हणाली. "छत्री बदलून का घेत नाहीस?"

"तुझ्या घरात सगळा बरा आसा मा?"

"हो रे, मस्त चाललंय."

"मगे ऱ्हवंदे ती थयच," मामा म्हणाला आणि गुडघा चोळायला लागला.