बिनआवाजाचे गाईड

आमच्या शेजारच्या भावजींच्या घरातलं भांडण मला चोवीस वर्षांत एकदाही ऐकू आलेलं नाही. भिंत पातळ आहे, माझे कान तिखट आहेत आणि प्रयत्नांत मी कसूर केलेली नाही. भांडणं होतात. खिडकीतून दिसतात. पण दोघंही कापडगिरणीतले. भावजी साचेखात्यात, म्हणजे मागांवर. वहिनी वाइंडिंगला, म्हणजे सूत बॉबिनवर गुंडाळायच्या खात्यात. दोनशे माग एकदम धडधडायला लागले की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नसे, म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलायची आणि ओठ बघून ऐकायची. गिरणी गेली, सवय राहिली. नुकसान माझं झालं.

गिरणी बंद पडल्यावर भावजींनी अकरा वर्षं एका इमारतीचं फाटक उघडलं आणि लावलं. तेवढ्यात शहराला बरे दिवस आले. कालव्यातला गाळ उपसला, गिरणीच्या बॉयलरघराचं हॉटेल झालं, रंगखात्यात पोहण्याचा तलाव आला आणि बाहेरगावची माणसं बसने येऊन हे सगळं एका दिवसात बघायला लागली. सहल काढणाऱ्या कंपनीला गाईड म्हणून जुना कामगार हवा होता. भावजींनी अर्ज केला. एका रविवारी चाचणी ठरली. कंपनीच्या मॅडम स्वतः बरोबर फिरणार आणि संध्याकाळी हो की नाही ते सांगणार. जमलं तर दर रविवारी आपल्या खात्यात ताठ मानेनं जाता येणार होतं. ‘‘नाही जमलं तर फाटक आहेच,’’ असं भावजी म्हणायचे, पण त्या आठवड्यात दाढी करताना त्यांनी दोनदा गाल कापून घेतला.

बसमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. वहिनी गेल्या आणि धीर द्यायला म्हणून मी गेले. निदान सगळ्यांना तसं सांगितलं.

कंपनीने चार पानं पाठ करायला दिली होती. भावजींनी ती स्वल्पविरामासकट म्हटली. ‘‘उजव्या हातास कालवा पाहावा,’’ म्हणाले तेव्हा उजव्या हाताला सार्वजनिक मुतारी होती. सहलीतले एक निवृत्त मास्तर दर वाक्याला ‘‘साल कुठलं?’’ विचारत होते. बॉयलरघरापाशी तिघंजण कॉफीच्या निमित्ताने गळाले. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या, आणि ते कौतुक नव्हतं.

‘‘वहिनी, किती उरलंय?’’ मी विचारलं.

‘‘दोन पानं. घरी आरशासमोर याहून बरं म्हणत होते हो.’’

मग साचेखातं आलं. तिथे आता चित्रांचं प्रदर्शन असतं. पांढऱ्या भिंती, आणि शांतता अशी की शिंकायचीही चोरी. कोपऱ्यात एकच माग ठेवलाय, भोवती दोरी. भावजी दोरी ओलांडून मागाजवळ गेले, त्यावर हात ठेवला आणि बोलायला लागले. म्हणजे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता.

सगळ्यांच्या कानांत त्यांचं बोलणं ऐकायची यंत्रं होती. पंचवीस माणसं आपापला कान ठोकू लागली. मास्तरांनी यंत्र काढून फुंकलं. मॅडम माईकचा सेल बदलायला धावल्या. भावजींना पत्ताच नाही. त्या दारातून आत शिरलं की आवाज बाहेर ठेवायचा, हे पायांनाच पाठ होतं.

वहिनींनी दारातूनच ओठ हलवून काहीतरी सुनावलं. भावजींनी तसंच उलट उत्तर दिलं.

‘‘काय म्हणताहेत?’’ मास्तर.

‘‘मी म्हटलं, अहो, आवाज काढा. हे म्हणताहेत, मग इतका वेळ काय करतोय?’’

‘‘आणि आता?’’

वहिनी त्यांच्याकडे बघत सांगू लागल्या, ‘‘म्हणताहेत, कुठला माग बिघडलाय ते तळपायाला कळायचं. सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा सुटला तर गोळीसारखा यायचा, एकाचा दात नेला त्यानं. म्हणताहेत, मी एकटा सहा माग सांभाळायचो.’’ त्या थांबल्या. ‘‘चार होते.’’

भावजींचे ओठ जोरात हलले.

‘‘पाचावर आलेत,’’ वहिनी म्हणाल्या.

कॉफीवाले तिघं परत आले. मास्तरांनी साल विचारलं नाही.

संध्याकाळी बसपाशी मॅडम म्हणाल्या, ‘‘काका, साचेखात्यातलं फारच छान बसवलंत! दर रविवारी तसंच हवं. काकू, तुम्ही येणार असाल तर आत्ताच पक्कं करते. एकट्या काकांचं म्हणाल तर...’’ आणि त्यांनी वही मिटली.

भावजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वहिनींकडे वळून ओठांनी काहीतरी विचारलं. बराच वेळ विचारलं. सगळी बस खिडक्यांतून बघत होती.

वहिनींनी उत्तर दिलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘‘माझं खातं दाखवणार का?’’

‘‘कुठलं, काकू?’’

‘‘वाइंडिंग. अठरा वर्षं होते तिथे. सकाळी दारावरून गेलो, कुणी मान वळवली नाही.’’

मॅडमनी नकाशा उलगडला. ‘‘तिथे आता चपलांचं दुकान आहे हो.’’

‘‘असू दे. आम्ही काय चपला मागतोय? दहा मिनिटं उभं राहू द्या म्हणावं.’’

‘‘दुकान सहलीत घ्या, मॅडम,’’ भावजी खणखणीत आवाजात म्हणाले. ‘‘घ्याच.’’

मॅडमनी घेतलं.

बसमध्ये भावजी वहिनींच्या शेजारी येऊन बसले. मग घसा खाकरून विचारलं, ‘‘अगं, पण तुमच्या खात्यात आत शिरल्यावर डाव्या हाताला काय होतं?’’

अठरा वर्षं तिच्या खात्याच्या भिंतीला भिंत लावून काम केलेला माणूस. वहिनींनी पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि दारापासून सांगायला सुरुवात केली.