नंबर तुझा आधी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच खुर्ची आहे. लाल कातड्याची, मागे कलणारी. दाराबाहेर न्हाव्याच्या दुकानाची खूण असलेला लाल-पांढरा-निळा खांब गरगर फिरतोय, खिडकीतून जपानमधल्या एका बंदराचा खारा वारा येतोय, आणि खुर्चीमागे पांढऱ्या डगल्यात उभा आहे हाशिझुमे किन्जिरो, वय अडुसष्ट. चामड्याच्या पट्ट्यावर तो वस्तरा परजतोय. परजून परजून वस्तऱ्याचा आरसा झालाय, कारण गेले तीन आठवडे त्याला गालच मिळालेला नाही.

माणसं येत होती, नाही असं नाही. केस कापून घेत, हवापाण्याच्या गप्पा मारत, आणि दाढीची वेळ आली की प्रत्येकाला काहीतरी आठवे. कुणाचा भात शिजत असे, कुणाला दातांच्या डॉक्टरकडे जायचं असे. चव्वेचाळीस वर्षं ज्या हाताखाली सगळ्या बंदराने डोळे मिटून मान मागे टाकली, त्याच हाताचं आता भय वाटत होतं. नुसते केस कापायला स्टेशनजवळ झटपट दुकान निघालंच होतं. किन्जिरोकडे लोक यायचे ते दाढीसाठी. दाढी गेली की दुकान गेलं, हे त्यालाही कळत होतं आणि त्याची बायको तोकिए हिलाही.

घडलं होतं इतकंच. किन्जिरोच्या शाळासोबत्यांची सहल परतत असताना नेझुने बस जुन्या बोगद्यापाशी थांबवली. नेझु मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. तो निवृत्त झाला होता, आवाज झाला नव्हता. साठ वर्षांपूर्वी बोगदा खणताना नवऱ्याचा डबा घेऊन आलेली बाई दरडीखाली गेली आणि तेव्हापासून मोकळ्या केसांनी तोंड झाकून तिथे उभी असते, हे त्याने बसच्या काचा थरथरतील अशा आवाजात सांगितलं. अशा जागी कसं वागायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बोट दाखवायचं नाही, हाक मारायची नाही, आणि कीव तर मुळीच करायची नाही. कीव केली की त्यांना वाटतं, हा आपलं ऐकून घेणारा दिसतो. मग ती पाठोपाठ घरी येतात.

आणि किन्जिरो बोगद्याकडे बघून सगळ्यांदेखत म्हणाला, "बिचारी. साठ वर्षं केसांना कुणी कात्री लावली नाही का गं?"

बाकीचे शहाणे घर गाठण्याआधी मुद्दाम नूडल्सच्या दुकानात शिरले, म्हणजे मागे कुणी लागलं असेल तर वाट चुकेल. किन्जिरो मात्र गिऱ्हाईक खोळंबेल म्हणून थेट घरी. भूत पाठोपाठ आत येऊ नये म्हणून तोकिएने दारातच त्याच्या अंगावर बाटलीतलं मीठ उधळलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीने ती बाटली उलटसुलट करून पाहिली. उकडलेल्या अंड्यावर भुरभुरायचं, चवीची पूड घातलेलं मीठ होतं ते.

"याने ती जाईल कशाला, तोकिए-सान? चव लागली म्हणून राहील."

त्याच आठवड्यात पोस्टमास्तरांची हनुवटी कापली. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. गाव म्हणालं, तिनेच हात ढकलला. खरं कारण किन्जिरोने फक्त बायकोला सांगितलं: तो आरशात बघत होता, मागे गिऱ्हाइकांनी थांबायच्या बाकावर कुणी येऊन बसलंय का ते.

तोकिएने त्याला देवळात नेलं. पुजाऱ्याने कागदी झिरमिळ्यांची काठी डोक्यावरून फिरवली, सगळं यथासांग झालं. आता लोकांना एवढंच सांगा की ती गेली, म्हणून तोकिए परोपरीने विनवत राहिली. पण टक्कल पडलेल्याला कधी "दाट दिसतायत हं" म्हणू न शकलेला माणूस तो.

"मी तिला जाताना पाहिलं नाही. मग गेली कसं म्हणू?"

"अहो, येताना तरी पाहिलंत का?"

यावर तो वस्तरा परजू लागला.

तेवढ्यात दार ढकलून नेझु आत आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या लेकीचं लग्न होतं, आणि तीन आठवडे विजेच्या यंत्राने खरवडलेले गाल अर्धवट सोललेल्या बटाट्यासारखे दिसत होते. पहिला पळाला होता तो हाच. दातांचा डॉक्टर आठवला होता तो यालाच, आणि तोंडात तर सबंध कवळी.

किन्जिरोने खुर्ची कलवली, गरम टॉवेल ठेवला, फेस लावला. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा लिलावाचा तो आवाज कुजबुजीवर उतरला.

"किन-सान, उद्या पोरीचं लग्न आहे. खरं सांग. ती आहे का गेली?"

आतल्या दारातून तोकिए हात जोडून खुणावत होती, गेली म्हणा, एकदाच म्हणा. किन्जिरोने आरशातून बाकाकडे पाहिलं. चांगलं निवांत पाहिलं. मग नजर गालावर आणली.

"ठाऊक नाही. असली तर बसेल बाकावर. नंबर तुझा आधी आहे."

फेसाचा डोंगर हलू लागला. नेझु हसत होता. हसता हसताच त्याने डोळे मिटले आणि मान मागे टाकली, अगदी पूर्वीसारखी. किन्जिरोने दोन बोटांनी त्याचा गाल ताणला.

"हलू नकोस रे. तिला वाटेल, इथे नीट काम करत नाहीत."