अक्का पाण्यात उतरल्या

अक्कांचा सगळा जन्म समुद्राच्या उशाशी गेला, पण पाणी त्यांनी कधी गुडघ्याच्या वर चढू दिलं नव्हतं. पुरुषांनी होडीत जायचं, बायकांनी काठावर मासळी विकायची, ही गावाची रीत. पोहायला बायकांना कुणी शिकवलंच नाही.

मग गावाचा रंगच पालटला. जाळी वाळायची तिथे रंगीत छत्र्या आल्या, होड्या पर्यटकांना फिरवू लागल्या. नवरा गेल्यावर अक्कांनीही मासळीची टोपली माळ्यावर टाकली, दोन खोल्यांना चुना काढला आणि पाहुणे ठेवले. धंदा बरा चालला. पण पाहुण्यांचे ओले टॉवेल वाळत घालताना अक्कांचे हात थांबायचे. पाण्यात डुंबणाऱ्या बायकांवरून नजर हलायची नाही.

सुनेनं ते हेरलं. ती किनाऱ्यावर जीवरक्षक होती. बुडणाऱ्यांना ओढून काढणं हे तिचं रोजचं काम.

"आई, चला, शिकवते तुम्हाला."

"वेड लागलंय का? साठी आली माझी. लोक तोंडात शेण घालतील."

"लोक लांबून पैसे मोजून येतात. आपल्याला दारात फुकट आहे."

पहिल्याच लाटेनं अक्का उताण्या पडल्या. नाकातोंडात खारट पाणी. ठसकत उठल्या आणि ओरडल्या, "सासूला बुडवून घर लाटायचंय हिला!" छत्रीवाला पोट धरून हसला. अक्कांच्या जाऊबाई तर गावभर सांगत सुटल्या.

अक्कांनी आठवडाभर अबोला धरला. मग एका पहाटे स्वतःच सुनेचं दार वाजवलं, "ऊठ. पाणी शांत आहे."

हळूहळू पाठ पाण्यावर टेकू लागली. एकदा आभाळाकडे बघत त्या म्हणाल्या, "हात सोडू नकोस हं!"

"केव्हाच सोडलाय, आई."

हंगामाच्या शेवटी पोहण्याची शर्यत होती. लांब पाण्यात तरंगणाऱ्या नारिंगी पिंपाला वळसा घालून परत यायचं. अक्कांनी नाव दिलं. बाकीचे परतून अंग पुसत होते, तेव्हा अक्का जेमतेम पिंपाला वळल्या. सून शेजारी पोहत होती, पण बोटही लावत नव्हती. काठावर जुन्या मासळीवाल्या जमल्या, बेंबीच्या देठापासून ओरडू लागल्या. जाऊबाई तर लुगड्यासकट कमरेइतक्या पाण्यात शिरल्या.

अक्का धापा टाकत वाळूवर आल्या, तसा सगळा किनारा उठून उभा राहिला.

"कितवा नंबर?" अक्कांनी विचारलं.

"शेवटून पहिला!" सून म्हणाली.

"पहिला ना? मग झालं तर!" अक्का म्हणाल्या आणि ओल्याचिंब जावेच्या खांद्यावर हात टाकून मिरवत घराकडे निघाल्या.