नातीच्या विमानाचा ब्रेक

माझी नात विमान चालवायला शिकते. डोंबिवलीत आमच्या सोसायटीत हे मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, वॉचमनलासुद्धा. गेल्या वर्षी ती अचानक बॅग घेऊन घरी आली आणि खोलीचं दार लावून बसली.

सुनेकडून कळलं ते असं. ती एकटीच दोन सीटांचं छोटं विमान उतरवत होती. चाकं नीट टेकली, पण ब्रेक दाबला तर पेडल खालीच गेलं. तिनं इंजिन बंद केलं, विमान सरळ धरलं. धावपट्टी संपली आणि पुढच्या गवतात ते थांबलं. तिला लागलं नाही, विमानाला ओरखडा नाही. पण पोरगी म्हणत होती, मी परत जाणार नाही. सून म्हणाली, नकोच जाऊ.

मी चौथी शिकलेला, पण चाळीस वर्षं ट्रक चालवलाय. ब्रेकमधलं मला कोण शिकवणार? आठ दिवस गेले, मग चहा घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, चूक तुझीच. ब्रेक गेला की खालच्या गिअरला टाकायचं, मग इंजिनच गाडीला धरतं. हे शिकवत नाहीत वाटतं तुमच्यात?

"आबा, विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं. ती नुसती फिरतात."

"म्हणजे ढकलगाडीच की."

ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, डोळे मिटले की पाय खाली जातो. तुम्हाला नाही कळायचं, तुमचा ब्रेक कधी गेलाच नाही.

हे तिला मीच सांगितलेलं. गावभर सांगायचो.

खरं म्हणजे शीळफाट्याजवळच्या उतारावर माझा ब्रेक गेलेला. गाडीत खडी भरलेली. गिअर खाली आणत आणत कडेच्या मातीच्या ढिगात गाडी घातली. कुणाला काही झालं नाही, तिथले लोक उस्ताद म्हणाले. आणि मी घरी येऊन पंधरा दिवस ताप आलाय म्हणून पडून राहिलो. ताप नव्हताच. सोळाव्या दिवशी बायको ठेवणीतली साडी नेसून पुढ्यात उभी राहिली. म्हणाली, मला माजिवड्याला मावशीकडे सोडा, ट्रकनंच. जाताना केबिनमधला दांडा दोन्ही हातांनी धरून बसलेली, पण ब्रेकचं नाव काढलं नाही. तापाचं खरं काय ते तिलाच ठाऊक होतं. आता ती नाही.

हे सगळं मी नातीला सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं.

"आजी घाबरली नाही?"

"घाबरली ना. पण बसली."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, शिकाऊ माणसाला शेजारी कुणाला बसवता येत नाही आबा, पण तुम्ही धावपट्टीपर्यंत याल का? माझे गुडघे दुखतात. तरी गेलो.

तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. आधी तिच्या मास्तरांनी तिला बरोबर घेऊन दोन फेऱ्या मारल्या, मग ते उतरले आणि ती एकटी वर गेली. विमान खाली येताना चिमणीएवढं दिसत होतं. चाकं टेकली. माझा उजवा पाय मातीत घट्ट दाबलेला, चपलेचा अंगठा तुटेल इतका. विमान हळू झालं, आणखी हळू झालं, थांबलं.

तेव्हा मी पाय उचलला.